भुरी बीबीला पोचत नाही

सोनाळा,
१० नोव्हेंबर २०२४

अविनाशभाऊ,

नमस्कार लिहायची आज मुळीच इच्छा नव्हती. पण पुष्पा शेजारी सुपात धान्य घेऊन बसली आहे आणि नमस्कार दिसल्याशिवाय पाकीट चिकटवू देणार नाही म्हणते. म्हणून नमस्कार.

या दोघी बहिणींनी आपल्याला चांगलंच कामाला लावलं. भुरीबद्दल फोनवर एक शब्द बोलायचा नाही, म्हणे तुमचे आवाज चार घरं पलीकडे जातात. जे काय असेल ते कागदावर लिहा, आम्ही वाचू, मग पाठवू. लिहिता लिहिता हात दुखला की शिव्या कमी होतात, हा शोध तुमच्या छायाताईंचा. मी म्हटलं, साडू साडू भांडले तर बिघडलं कुठं? पण ऐकतं कोण. शाळा सुटल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितोय.

आता मुद्द्याचं. दसऱ्याला तुम्ही तुमच्या लाडक्या मोटारसायकलची, भुरीची, किल्ली माझ्या हातात दिली. वीस वर्षं जपली, कच्छ दाखवलं, गोवा दाखवलं, एकदाही रस्त्यात सोडलं नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलंत. मी भोळा. गावभर सांगत सुटलो की पन्नाशीच्या आत या गाडीवर रामेश्वरला जाऊन येणार. सुरुवात म्हणून पुष्पाला मागे बसवून सोनाळा ते तुमचं बीबी गाव, न थांबता. एवढं जमलं की पुढचं.

भाऊ, तुमच्याकडून आणली तेव्हा गुणानं आली, पण महिना होत आला, भुरी बीबीला पोचत नाही. पहिल्यांदा वरवटच्या अलीकडे बंद पडली. दुसऱ्यांदा शेगाव ओलांडलं आणि आचके देऊन थांबली. पेट्रोल संपलं की गाडी जशी मरते तशीच मरते. म्हणून दर वेळी टाकीचं झाकण उघडून बघतो, तर आत पेट्रोल आहे. झाकण लावतो, घाम निघेपर्यंत किका मारतो, मग चालू होते. थोडी धावते, परत तेच. दुसऱ्या वेळी पुष्पा उतरली आणि काळीपिवळी जीपमध्ये बसून घरी निघून गेली. जाताना म्हणाली, "हे गाडी हाये का म्हैस? मधातच बसते."

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुम्हाला हिची खोड माहीत होती का? तुम्ही नवी चारचाकी घेतली, ती एसी लावून खुशाल फिरवा. पण खोड माहीत असून घरातल्या माणसाच्या गळ्यात मारली असेल तर ते बरं नाही केलं.

आपला,
गोकुळ


बीबी,
१८ नोव्हेंबर २०२४

गोकुळराव,

नमस्काराला नमस्कार.

गळ्यात मारली? दसऱ्याला गळ्यात कोण पडत होतं ते आठवा. तुम्हीच टाकीवर हात फिरवत ओट्यावरून हलत नव्हता. मी नुसतं म्हटलं की दिवाळीला चारचाकी येते आहे, दुचाकीला वेळ मिळणार नाही, तर तुम्ही पुढचं वाक्य ऐकायच्या आधी किल्ली खिशात घातली.

भुरीला खोड नाही. भुजच्या पुढे वाळूत चाकं रुतली होती तेव्हाही तिचं इंजिन बंद पडलं नाही. सापुताऱ्याच्या घाटात धुक्यात छाया मागे बसून देवाचं नाव घेत होती आणि भुरी दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढत होती. खोड आहे ती चालवणाऱ्यात. तुमचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. तुम्ही क्लच सोडत नाही, फेकता. ही लांब पल्ल्याची गाडी आहे, तिला हळूहळू तापवावं लागतं, मग ती दिवसभर पळते.

तरी सांगतो. प्लग काढून घासा. पेट्रोलच्या नळीत कचरा असेल तर नळी बदला. कॉइल तापली की ठिणगी जाते, तीही बघून घ्या. एवढं करून झालं नाही तर आरशात बघा, दोष तिथं दिसेल.

चारचाकी उत्तम आहे. विचारलंत म्हणून सांगितलं.

अविनाश

ता. क. पुष्पे, यातलं आरशाचं वाक्य मी खोडायला सांगितलं होतं, यांनी ऐकलं नाही. लोणच्याची बरणी कोणासोबत तरी पाठव. छाया.


सोनाळा,
१ डिसेंबर २०२४

अविनाशभाऊ,

नमस्कार.

आरशात बघितलं. मिशी पांढरी झालेली दिसली. गेल्या महिन्यात काळी होती.

तुम्ही सांगितलेलं एकूण एक केलं. प्लग घासला, मग नवाच टाकला. नळी बदलली. कॉइल नवी बसवली. गुरुवारी वांग्यांचा तोडा उरकून एकटाच निघालो. पेट्रोलचा संशयच नको म्हणून टाकी तोंडापर्यंत भरली. भाऊ, नेहमीपेक्षाही लवकर बंद पडली! मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि खरं सांगतो, रडू येत होतं. झाकण उघडलं तर आतून फस् करून आवाज आला, जसं काही तीच माझ्यावर वैतागली. उन्हानं पेट्रोल तापत असेल. झाकण लावलं, किका मारल्या, चालू झाली.

असं मरत मरत, जगत जगत खामगाव केलं, जानेफळ केलं, दुपार कलल्यावर हिवरा आश्रमाला पोचलो. तिथं मात्र तिनं हातच टेकले, की माझ्या पायानं टेकले कोण जाणे. किक मारायला पाय उचलत नव्हता. आणि समोरून कोण यावं? आमच्या गल्लीतले पुंजाजी. आश्रमात दर्शनाला आले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "गोकुळ, रामेश्वर इकून जाते काय रे?"

भुरी पिकअपमध्ये दोरानं बांधली. ती ऐटीत उभी आणि मी कांद्याच्या पोत्यांवर, असे आम्ही सोनाळ्यात शिरलो. पुंजाजी आमच्या आधी पोचले होते, त्यामुळे गावाला काही सांगावं लागलं नाही.

घरात या गाडीची बाजू घेणारी एकटी आमची आई. आईचं, म्हणजे झुंबरबाईंचं, म्हणणं, गाडीला दृष्ट लागली. आमच्याकडे गाडी-बैल बाहेर निघाले की आई कपाळाला कुंकू लावायची. भुरी आली तेव्हा हिचं कपाळ कोणतं यावर तिनं बराच विचार केला. दिवा म्हणजे डोळा, तिथं कुंकू गेलं तर झोंबेल. मग टाकीचं झाकण म्हणजे कपाळ, असं ठरलं. कुंकू वाऱ्यानं उडू नये म्हणून तेलात कालवून अंगठ्यानं दाबून लावते. गाडी एकदा बंद पडली की पुढच्या वेळी दुप्पट लावते. तुमच्या भुरीचे एवढे लाड तुम्हीही केले नसतील, आणि ही अशी फेडते.

आता मला उपदेश नको. उपाय सांगा. तुम्ही वीस वर्षं चालवली, तुम्हाला कळत नाही तर कोणाला कळणार?

गोकुळ


बीबी,
९ डिसेंबर २०२४

प्रिय गोकुळराव,

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं.

तुमचे हाल वाचून वाईट वाटलं. पुंजाजींचं बोलणं मनावर घेऊ नका, गावाला काहीतरी लागतंच. तुम्ही मेहनत खूप घेतली, हे मी मानतो.

मला वाटतं, कार्ब्युरेटर पूर्ण खोलून बघावा. आतला गाळ नुसत्या फुंकरीनं जात नाही. शेगावला नारायणराव म्हणून जुने मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे द्या. दोन आठवडे ठेवतो म्हणाले तरी ठेवू द्या, घाई करू नका. तोवर फार लांब नेऊ नका. शेतापर्यंत चालवा, परत आणा.

आणखी एक. गाडी माणसाला ओळखते, हे तुम्ही हसण्यावारी न्याल, पण मला तसा अनुभव आहे. माझा भाचा कुलदीप एकदा हिला जालन्याला घेऊन गेला होता, तेव्हाही हिनं त्याला छळलं होतं. मी जाऊन हात लावला आणि चालू झाली. भुरीनं तुम्हाला अजून धनी मानलेलं नाही, एवढंच. काळजी नसावी.

आईंना नमस्कार सांगा. पुष्पाला आशीर्वाद.

तुमचा,
अविनाश


सोनाळा,
२६ डिसेंबर २०२४

अविनाशभाऊ,

तुमचं पत्र एवढं गोड होतं की पुष्पानं विचारलं, भाऊजींची तब्येत बरी आहे ना.

नारायणरावांकडे गाडी दिली. त्यांनी कार्ब्युरेटर खोलला, धुतला, बसवला, आणि शेगावात दोन फेऱ्या मारून "टकाटक झाली" म्हणून हातात दिली. त्या दिवशी पुष्पाच्या मैत्रिणीच्या, रेणुकाच्या मुलीचं लग्न होतं खामगावला. मी पुष्पाला म्हटलं, चल, आता काही होत नाही. ती येत नव्हती. मी हट्ट धरला. शेगाव आणि खामगावच्या मधल्या चढावर भुरी मेली. पुष्पा शालू नेसलेली, मी नवा सदरा घातलेला. किक लागेना म्हणून मी गाडी चढावर ढकलत नेली आणि वर पोचता पोचता कमरेत असा चमका आला की तिथंच खाली बसलो. लग्न हुकलं. मला दोघांनी धरून जीपमध्ये घातलं. आज दहा-बारा दिवसांनी कसाबसा बसून लिहितोय.

पुष्पा रागावली नाही, हेच जास्त लागलं. नुसती एवढं म्हणाली, "आता पुरे करा जी. रामेश्वर आपल्याले रेल्वेनंबी भेटते."

तर पुरे केलं. वरवटचा दयाराम येऊन गाडी बघून गेला. तो जुन्या मोटारसायकली मागून कापतो आणि दोन चाकांची ट्रॉली जोडून देतो. आमच्याकडे अशा ट्रॉल्यांवर वांगी, सांबाराच्या हिरव्या जुड्या, सगळं बाजारात जातं. मी म्हटलं, अर्ध्या तासात बंद पडते बाबा. तो म्हणाला, शेतापासून गावापर्यंतच तर चालवायची, तेवढी तर चालते. इंजिन दणकट आहे म्हणून खूश झाला. संक्रांत झाली की कटर घेऊन येतो.

तुम्हाला विचारत नाही, कळवतोय. मला वाईट वाटतं. दसऱ्याच्या रात्री तुमच्या ओट्यावर ती उभी होती तशी मला अजून दिसते. पण मी हरलो. भुरीला धनी पाहिजे होता आणि मला गाडी पाहिजे होती, दोघांचं जमलं नाही.

गोकुळ


बीबी,
२ जानेवारी २०२५

गोकुळराव,

कापू नका.

टाकीच्या झाकणात, किल्लीच्या भोकाच्या बाजूला, एक बारीक छिद्र आहे. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा त्यातून टाकीत शिरते. ते बुजलं की हवा आत जात नाही, पेट्रोल खाली येत नाही आणि गाडी मरते. तुम्ही झाकण उघडता तेव्हा हवा आत जाते, म्हणून परत चालू होते. टाकी तोंडापर्यंत भरली की आत हवेला जागाच उरत नाही, म्हणून लवकर मरते. टाचणीनं छिद्र मोकळं करा. कुंकू दिव्यावर लावायला सांगा.

दयारामला येऊ नको म्हणून आजच निरोप द्या.

अविनाश

पुष्पे, हे यांना न दाखवता खाली लिहिते आहे, पाकीट मीच चिकटवणार आहे.

तुम्हाला खोटं सांगितलं, त्यात मीही होते. आमच्याकडे चारचाकी नाही. यांना काचबिंदू झाला आहे. समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं गेलं. दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले, आहे ते टिकावं म्हणून थेंब चालू आहेत. यांनी मला शपथ घातली होती की सोनाळ्याला कळवायचं नाही. दुकानात बसतात, पण बाजूनं कोणी आलं तर दचकतात. मग उगाच ओरडतात.

आणखी एक आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबरात तुमचं हिवऱ्याचं पत्र आलं, त्यातलं ते फस् आणि आईंचं कुंकू वाचून हे किती दिवसांनी मोठ्यानं हसले. म्हणाले, झाकण आहे, झाकण. मी म्हटलं, मग लिहा की तसं. तर कागद घेतला, आणि पेनाचं टोपण परत लावून ठेवलं. मग म्हणाले, "लिहितो, थांब थोडं. ते भुरी बंद पडून राह्यली तवरक माहीच हाये."

मला तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. गोकुळरावांची कमर वाचून यांनी दोन दिवस जेवण नीट केलं नाही. गोकुळरावांना यातलं काय सांगायचं ते तू ठरव.

छाया


सोनाळा,
१० जानेवारी २०२५

अविनाशभाऊ,

नमस्कार लिहीत नाही. आज पुष्पानंही आग्रह धरला नाही.

झाकण काढून छिद्र शोधलं. शोधलं म्हणजे काय, सापडेचना. टाचणी टोचली तेव्हा तेलातलं कुंकू घट्ट मेणासारखं बाहेर निघालं, आत अक्षतेचा तुकडाही होता. दसऱ्यापासूनची पूजा सगळी तिथं बसली होती. आईला दाखवलं. मला वाटलं, ओशाळेल. ती म्हणाली, "मंग बरंच झालं. तुले लांब जाऊ द्यायचं नसन देवाले." आता दिव्यावर लावते, पण जरा बाजूला, झोंबू नये म्हणून.

कमरेला पट्टा बांधून गाडी काढली. सोनाळा ते खामगाव आणि परत. भुरी एकदाही थांबली नाही. वरवटला थांबली नाही, शेगावला थांबली नाही, त्या चढावर तर मीच वेग कमी करून सगळ्या जागा बघून घेतल्या. येताना मोठ्यानं गात आलो. दयारामला परस्पर नाही म्हणून सांगून आलो. घरी आल्याबरोबर तुम्हाला फोन लावणार होतो, बंदी गेली खड्ड्यात.

तेव्हा पुष्पानं छायाताईंचा मजकूर माझ्या हातात दिला. तोवर मला तुमचाच भाग वाचायला दिला होता.

अविनाशभाऊ, तुम्हाला माहीत होतं. मला नारायणरावांकडे पाठवलंत, घाई करू नका म्हणालात, आईंना नमस्कार सांगितलात, आणि सगळं माहीत होतं. एक ओळ लिहिली असती तर पुष्पा लग्नाला पोचली असती. माझी कमर आज वाकत नाही. अंगणात पडलेलं काही उचलायचं तर पुष्पाला हाक मारावी लागते. मला तुमचा राग आला. अजून आहे. एवढा राग मला माझ्या सख्ख्या भावाचाही कधी आला नाही, आणि तो मला जमिनीवरून कोर्टात घेऊन गेला होता.

पण खरा राग वेगळाच आहे. डोळे तुमचे जात होते आणि मला तुम्ही एसी चारचाकीच्या गोष्टी सांगितल्या. मी त्या खऱ्या मानून तुम्हाला टोमणे मारले. ते टोमणे तुम्ही वाचले असतील, तेही छायाताईंच्या समोर. मला कोण समजता तुम्ही? एकाच घरातून दोघांनी बायका आणल्या आहेत. तुम्ही घोड्यावर होतात तेव्हा लगाम मी धरला होता.

आता ऐका. रविवारी, एकोणीस तारखेला, मी भुरी घेऊन बीबीला येतो. न थांबता येतो. तुम्ही मागे बसायचं. आधी लोणारपर्यंत जाऊ, मग माझी कमर आणि तुमचे डॉक्टर काय म्हणतात ते बघून रामेश्वरचं ठरवू. पुष्पानं तिची जागा तुम्हाला दिली आहे, आनंदानं दिली आहे, ते सांगायला नको. तुम्ही बसला नाहीत तर भुरी तुमच्या ओट्यासमोर उभी करीन, किल्ली छायाताईंच्या हातात देईन आणि एसटीनं परत येईन. मग रोज दुकानात जाता-येता तिला बघत राहा. तुमचीच राहील.

गोकुळ


बीबी,
१५ जानेवारी २०२५

गोकुळराव,

छाया काय लिहून पाठवते ते यापुढे मी आधी वाचणार आहे.

तुमचं पत्र मिळालं. सगळं खरं आहे. कमरेला एरंडाची पानं शेकून बांधा, पट्टा सारखा लावू नका.

रविवारी या. पण घरासमोर येऊ नका. बीबीत आजवर मला कोणी कोणाच्या मागे बसलेलं पाहिलेलं नाही, आणि पेठेतली सगळी दुकानं रविवारी उघडी असतात. सुलतानपूरकडून येताना गावाच्या अलीकडे फाटा लागतो, तिथं थांबा. मी पायी येतो. छाया फाट्यापर्यंत सोबत येणार म्हणते, रस्ता ओलांडायचा आहे म्हणून. तिला येऊ नको म्हटलं होतं.

वाटेत मला डोळ्यांचं विचारू नका. हे दिसतं का, ते दिसतं का, असंही विचारू नका. क्लच हळू सोडा. माझं डोकं तुमच्या पाठीवर आपटलं तर मी तिथंच उतरेन.

आणि मागे कधीच बसलो नसल्यामुळे एक गोष्ट मला माहीत नव्हती, ती काल छायाला विचारली. मागे बसल्यावर धरायचं कशाला? ती म्हणाली, पुढच्याच्या खांद्याला. मी म्हटलं, तू एवढी वर्षं माझ्या खांद्यावर हात ठेवायचीस, मला वाटायचं प्रेमानं ठेवतेस. तर म्हणे, "पडीन म्हणून धरत होती जी."

तेव्हा रविवारी माझा हात तुमच्या खांद्यावर असेल. गैरसमज नसावा.

अविनाश